अतिविषाचं फूल

अतिविष मी आयुष्यभर पाहत आले ते बोटाच्या पेराएवढ्या, राखाडी, सुरकुतलेल्या कंदाच्या रूपात. वऱ्हाडात बाळंतपण झालेल्या घरी गुटीची पुडी येते, तिच्यात तो असतोच. सोबत हळकुंड, सुंठ, वेखंड, मुरुडशेंग, मायफळ, जायफळ, बाळहिरडा, ज्येष्ठमध, खारीक, बदाम. सहाणेवर प्रत्येकाचे वेढे ठरलेले. कशाचे चार, कशाचा एकच, कशाचं नुसतं टेकवणं. अतिविषाच्या बाबतीत आमची आजी फार कडक होती. "दोनच येढे दे त्याचे," म्हणायची, "लेकरू लहान हाये अजून." कंद मोडला की आतून पांढराशुभ्र आणि पिठूळ निघतो. जिभेला लावला तर जी कडू चव बसते ती पाणी पिऊनही लवकर जात नाही. बाळाचं पोट बिघडलं, ताप आला, दात येताना किरकिर वाढली की आजीचा हात आधी त्या कंदाकडे जायचा.

आता बालरोगतज्ज्ञ सांगतात की पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय बाळाला काहीच देऊ नका, पाणीसुद्धा नाही. आमच्या घरातही आता तेच पाळलं जातं आणि ते योग्यच आहे. गुटी कधी द्यावी, द्यावी की नाही, हे डॉक्टरांनी आणि वैद्यांनी सांगायचं. मी लिहायला बसले आहे ती त्या कंदावर उगवणाऱ्या झाडाविषयी. ते झाड संपत चाललं आहे, आणि ज्यांच्या घरात ते पिढ्यान् पिढ्या उगाळलं गेलं त्या आपल्या लोकांनी ते कधी पाहिलेलंही नाही.

पुडीतल्या बाकीच्या बहुतेक वस्तूंची झाडं आपल्याला माहीत असतात. हळद वावरात असते. हिरडा, बेहडा मेळघाटात आहेत. मुरुडशेंगेची पिळदार शेंग गुरं चारणारी पोरं खिशात घालून आणतात. वेखंड कुणाच्या तरी विहिरीच्या पाटाजवळ लावलेलं असतं. खारीक-बदामाचं झाड पाहिलेलं नसलं तरी चित्रात ओळखता येतं. अतिविष तेवढं बिनझाडाचं. त्याला पान आहे, फूल आहे, त्याच्यावर भुंगा येतो, त्याचं बी वाऱ्यावर पडतं, यातलं काहीच मनात उमटत नाही. एखादी वस्तू नुसती पुडीतच जन्मते असं वाटायला लागलं की ती संपू शकते हेही सुचत नाही.

आमचं गाव अंजनगाव सुर्जीच्या बाजूचं. उत्तरेला पाहिलं की गाविलगडाचे डोंगर दिसतात. अंजनगावच्या बाजारात काष्ठौषधीचं एक जुनं दुकान आहे, भिंतभर लाकडी खणांचं. तिथे अतिविषाशेजारच्या खणात कुटकी आणि त्याच्या खाली जटामांसी. तिन्ही खण उघडून पाहिले तर तीन वेगळे वास येतात. जटामांसीचा उग्र, मातकट, तेलकट वास तर हाताला दिवसभर राहतो. हे तिन्ही खण हिमालयाचे आहेत, तेही हिमालयाच्या पायथ्याचे नाहीत. झाडं उगवायची थांबतात त्या रेषेच्या आसपासच्या आणि त्याच्याही वरच्या पट्ट्यातले. दुकानदार काकांना विचारलं तर म्हणाले, माल दिल्लीहून येतो, खारी बावलीच्या घाऊक बाजारातून. आणि दिल्लीत? "वरून, पहाडातून." त्यापलीकडची वाट त्यांनाही ठाऊक नव्हती. भाव मात्र ठाऊक होता. अतिविष किलोला हजारोंच्या भावात जातं, म्हणून ते तोळ्या-ग्रॅमवर विकलं जातं.

"वर" म्हणजे किती वर हे आपल्या भागातल्या माणसाला सहज कळत नाही. विदर्भातलं सर्वांत उंच ठिकाण चिखलदऱ्याजवळचं वैराट, सुमारे ११७८ मीटर. मे महिन्यात अकोला-अमरावती ४५ अंशांवर तापलेलं असताना लोक तिथे थंड हवेला जातात. अतिविष साधारण २५०० ते ४००० मीटरच्या पट्ट्यात वाढतं. म्हणजे वैराटवर वैराट ठेवलं तरी आपण त्याच्या खालच्या उंबरठ्यापर्यंतही पोचत नाही. काश्मीरपासून हिमाचल, गढवाल, कुमाऊंपर्यंतचा पश्चिम हिमालय हे त्याचं घर. देवदार संपतात, मग खर्सू ओकाची वाकडी, शेवाळ लागलेली झाडं संपतात, मग गुडघाभर उंचीची झुडपं राहतात, आणि त्यानंतर उरतं ते गवत. या गवताळ उतारांना गढवालात बुग्याल म्हणतात. वर्षातले जवळपास सहा महिने ते बर्फाखाली असतात. बर्फ वितळल्यापासून पुन्हा पडेपर्यंतच्या पाच-सहा महिन्यांत तिथल्या प्रत्येक झाडाला उगवायचं, फुलायचं, बी धरायचं आणि पुढच्या वर्षाची शिदोरी जमिनीत साठवून झोपी जायचं असतं.

ही जमिनीखालची शिदोरी आपल्याला नवी नाही. मेळघाटातली रानहळद, कळलावी, सफेद मुसळी उन्हाळ्यात असंच करतात. वरचं पान वाळून उडून जातं, काळी जमीन भेगाळते, आणि खाली कंद मृगाच्या पावसाची वाट पाहत पडून राहतो. आपल्याकडे कंद उन्हातून जीव वाचवतो, तिथे थंडीतून. फरक इतकाच की आपल्या कंदावर तापलेल्या मातीशिवाय पांघरूण नसतं, अतिविषाच्या कंदावर बर्फ असतो. बर्फ बाहेरून गार, पण त्याच्या जाड थराखाली जमिनीचं तापमान शून्याच्या आसपास टिकून राहतं, वर हवा त्याच्या कितीतरी खाली गेली तरी. बर्फ कमी पडला की कंद उघडा पडतो. त्यामुळे हिमवर्षाव कमी होणं ही अशा झाडाला आनंदाची बातमी नसते. आणि हवा तापत गेली की डोंगरावरच्या वनस्पती आणखी वर सरकू पाहतात. पण डोंगराला शेंडा असतो. त्याच्या पुढे सरकायला जागा नसते.

पोळा झाल्यावर, कपाशी पात्या-फुलांवर असताना, मी गढवालात गेले. पंचकेदारांतलं तुंगनाथ पाहायचं होतं, आणि मनात खरं तर हे झाड होतं. उखीमठहून गोपेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर चोपता लागतं. तिथून फरसबंद वाट चढत साडेतीन हजार मीटरच्या आसपास असलेल्या देवळापर्यंत जाते. पावसाळा संपत आला होता, तरी धुकं सतत वरखाली करत होतं. क्षणात समोरचा उतार दिसायचा, क्षणात पुढे चालणाऱ्याची पाठही दिसेनाशी व्हायची. सोबत वाटाड्या म्हणून खालच्या गावातला एक तरुण होता. त्याची आई आणि आजी दोघीही तरुणपणी जडीबुटी खणायला वर जायच्या. मी अतिविष म्हटलं, त्याला कळलं नाही. मी पिशवीतून घरचा कंद काढून दाखवला. हातात घेऊन त्यानं वास घेतला, हसला आणि म्हणाला, "अतीस!" मग जरा वेळ गप्प राहून त्यानं विचारलं की हे तुमच्याकडे कुणाला देतात. लहान बाळांना, मी म्हटलं. "आमच्याकडेही," तो म्हणाला.

वाटेपासून बाजूला, त्यानं दाखवलेल्या उतारावर, गवतातून बरंच फिरावं लागलं. त्याच्या आजीच्या काळी हे रोप वाटेच्या कडेलाही दिसायचं, असं त्यानं सांगितलं. जागा कुठली ते कुठेही लिहू नका, फोटो टाकलात तर मागे ओळखू येणारा डोंगर ठेवू नका, अशी त्यानं अट घातली होती. ती मी पाळते आहे.

आधी मला ते ओळखूच आलं नसतं. माझ्या कमरेच्या खाली येईल अशी एक सरळ दांडी, फांद्या नाहीत म्हटलं तरी चालेल. तळाची पानं लांब देठाची, रुंद, खाचा असलेली. वरची पानं बिनदेठाची, दांडीला बिलगलेली, कडेला दातेरी. एकाच रोपावर दोन तऱ्हेची पानं. आणि शेंड्याकडे फुलांचा विरळ तुरा. फूल पांढुरकं, हिरवट-निळसर झाक असलेलं, त्यावर जांभळ्या शिरा. पाकळ्या वाटतात ती खरं तर रंगीत निदलं आहेत, पाच. त्यातलं वरचं बाळाच्या टोपड्यासारखं पुढे झुकून बाकीच्या फुलावर छत धरतं. पाऊस, गारा, धुक्याचं पाणी त्या टोपड्यावरून ओघळून जातं आणि आतले पुंकेसर कोरडे राहतात. खऱ्या पाकळ्या त्या छताखाली लपलेल्या असतात. त्यातल्या दोनांच्या लांब देठांवर मधाच्या पिशव्या बनलेल्या, अगदी आत, वरती.

त्या मधापर्यंत पोचायला ताकदीचा आणि लांब जिभेचा पाहुणा लागतो. तो आमच्या समोरच आला. जाड, लोकरी अंगाचा, काळा-पिवळा भुंगा. इतक्या गारठ्यात साध्या मधमाश्या सहसा बाहेर पडत नाहीत. हे लोकरी भुंगे मात्र उडण्याचे स्नायू जागच्या जागी थरथरवून अंग तापवतात आणि मग उडतात. तो फुलात शिरला, डोकं वर करून आत घुसला, त्याचं पोट पुंकेसरांवर घासलं गेलं आणि मागे सरकत बाहेर येऊन तो त्याच तुऱ्यातल्या वरच्या फुलावर गेला. त्या उतारावर हे एवढंच चाललं होतं. आणि आपल्या गावच्या खणात वाळून पडलेला प्रत्येक कंद कधीतरी या कामात होता, हे मला तिथे उभं राहून पहिल्यांदा नीट कळलं. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. वाटाड्यानंही काही विचारलं नाही.

अतिविषाचं कुळ मोरवेलीचं. आपल्या स्वयंपाकघरातली कलौंजी त्याच कुळातली. पण त्याचं जवळचं भावंड म्हणजे बचनाग, आणि बचनाग भयंकर विषारी. अतिविषात बचनागाचं ते जहाल द्रव्य नसतं, म्हणून ते औषधात चाललं. या सख्ख्या नात्यामुळेच कंद ओळखणारा माणूस जाणकार हवा. बाजारातली कुठलीही राखाडी गाठ अतिविष समजून घरी आणू नये, हे मी इथे मुद्दाम सांगते.

या झाडाचं जमिनीखालचं जगणं मला सर्वांत विलक्षण वाटतं. उकरलं तर एक कंद निघत नाही, जोडी निघते. एक जुना, एक नवा. वनस्पतिशास्त्रज्ञ त्यांना आईकंद आणि लेककंद म्हणतात. आईकंद या वर्षीची दांडी, पानं, फुलं, बी सगळं पोसतो आणि हंगामाच्या शेवटी झिजून संपतो. त्याच्या कुशीत वाढलेला लेककंद हिवाळाभर बर्फाखाली राहतो आणि पुढच्या वर्षी तोच आईकंद होतो. असं ते रोप एकाच जागी वर्षानुवर्षं टिकतं. त्या जागेबाहेर पसरायचं असेल तर बी हवं. बी भाद्रपदानंतर पिकतं, छोट्या शेंगांतून खाली पडतं, आणि हिवाळ्याची थंडी खाल्ल्याशिवाय सहसा रुजत नाही. रुजलं तरी त्या रोपाला विकण्याजोगा कंद धरायला काही वर्षं जातात.

म्हणजे कुदळ मारली की आई आणि लेक दोन्ही जातात. फुलाच्या वेळी मारली तर बीही जातं. हिरड्याचं फळ तोडलं तर हिरडा उभा राहतो. मोहाची फुलं वेचली तरी मोह पुढच्या वर्षी फुलतो. अतिविषाचं तसं नाही. तिथे माल आणि झाड एकच आहे. एका किलो वाळक्या कंदासाठी शेकडो रोपं उपटावी लागतात.

जुन्या रीतीत थांबायची वेळ ठरलेली होती. वाटाड्याच्या आजीच्या सांगण्याप्रमाणे पानं पिवळी पडेपर्यंत, बी झडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. काढताना कोवळा कंद परत मातीत दाबायचा. मग भाव वाढला आणि खणणारे वाढले. आपण थांबलो तर दुसरा आधी नेईल, या धास्तीनं खणण्याची वेळ मागे मागे आली. बी पिकायच्या आधीच रोप उपटलं जाऊ लागलं. यात डोंगरातल्या गरीब माणसाला दोष देणं मला मान्य नाही. हिवाळ्यात बर्फानं रस्ता बंद होणाऱ्या गावात पोरांची फी आणि दवाखाना त्या पिशवीतून होतो. किलोचा खरा पैसा त्याच्या हाताला लागतही नाही, तो मधल्या हातांत वाटला जातो.

आणि आजीच्या सहाणेलाही मी दोष देत नाही. आमच्या घरी अतिविषाचा एक कंद कितीतरी बाळंतपणं पुरला. माझ्यानंतर भावाला, मग चुलत भावंडांना, शेजारणीच्या नातवाला तोच उगाळला गेला, आणि उरलेला तुकडा फडक्यात बांधून परत डब्यात. दोन वेढ्यांनी बुग्याल रिकामे होत नाहीत. ते रिकामे होतात पोत्यांनी. चूर्ण, गोळ्या, तयार गुटीच्या बाटल्या, काढे यांच्यासाठी जो माल टनांच्या हिशोबात उचलला जातो, त्यानं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत अतिविष धोक्यातल्या वनस्पतींमध्ये आहे. जटामांसीची अवस्था त्याहून वाईट, ती अतिधोक्याच्या वर्गात आहे. कुटकी आणि जटामांसी यांच्या परदेशी व्यापारावर १९९७ पासून आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे. आमच्या दुकानाच्या भिंतीवरचे ते तीन खण म्हणजे तीन संकटात सापडलेली झाडं आहेत, आणि खणांवर तसं कुठे लिहिलेलं नाही.

आपल्या भागात हे सगळं एकदा घडून गेलं आहे, म्हणून मला ते परकं वाटत नाही. सफेद मुसळी मेळघाटाच्या उतारांवर पहिल्या पावसात पांढऱ्या फुलांनी उभी राहायची. कोरकू बाया तिची कोवळी पानं भाजीला खुडत. त्यानं मुसळीचं काही बिघडत नव्हतं. पान खुडलं की नवं येतं. मग तिच्या मुळांना शक्तिवर्धक म्हणून बाजार आला, आणि मुळं खणली जाऊ लागली. जिथे भाजीसाठी टोपली भरायची तिथे शोधाशोध सुरू झाली. पुढे अकोट भागातल्या शेतकऱ्यांनी मुसळी वावरात घेतली. वाफे पाडले, बेणं राखलं, काढणी-सोलणी शिकून घेतली. मुसळीच्या बाजारानं काहींना तारलं, काहींना बुडवलंही, भाव असा काही कोसळायचा. पण एक गोष्ट झाली. मुसळी हवी असेल तर जंगलातच गेलं पाहिजे, ही सक्ती संपली.

आणखी एक गोष्ट मला जुन्या वैद्यकात सापडली, तिनं मला फार बरं वाटलं. लहान मुलांच्या ताप-खोकला-जुलाबांसाठी चार औषधांचं एक प्रसिद्ध चूर्ण आहे, बालचातुर्भद्र. मोथा, पिंपळी, अतिविष आणि काकडशिंगी. यातली काकडशिंगी हिमालयाच्या खालच्या डोंगरांतल्या एका झाडाच्या पानांवर कीटकांमुळे होणाऱ्या शिंगासारख्या गाठी. अतिविष बुग्यालातलं. उरलेली दोन आमची. पिंपळी अंजनगावच्या मळ्यातली, आणि मोथा म्हणजे तोच, ज्याच्या नावानं प्रत्येक निंदणाऱ्या बाईनं कपाळाला हात लावला आहे. जमिनीखाली गाठीला गाठ जोडत जाणारा, डवरणीनं तुटला तर तुटल्या तुकड्यातून पुन्हा उगवणारा. आणि जुने वैद्य सांगून गेले आहेत की अतिविष न मिळाल्यास त्याच्या जागी मोथा घ्यावा. एखादं द्रव्य मिळेनासं झालं तर त्याच्या ऐवजी काय, याची यादीच त्यांनी करून ठेवली आहे. शेकडो वर्षांपूर्वीच्या माणसानं आधीच मान्य केलं होतं की डोंगरावरची वस्तू दर वेळी मिळणार नाही, आणि न मिळाली तर हट्ट धरायचा नाही. कुठल्या रोग्याला काय चालेल हे वैद्यच सांगणार. पण जिथे मोथ्यानं भागतं तिथे औषध बनवणाऱ्यांनी बुग्याल का खणायचा, हे मला त्यांना मनापासून विचारायचं आहे. मोथा तर संपवतो म्हटलं तरी संपत नाही.

परत आल्यावर मी शेजारच्या काकांच्या मळ्यात गेले. काका बारी समाजातले, पानमळ्याचं आणि पानपिंपळीचं काम त्यांच्या घरात किती पिढ्या चाललं आहे ते त्यांनाही सांगता येत नाही. अंजनगाव, अकोट या पट्ट्यात पानपिंपळी होते ती अशाच हातांमुळे. या उष्ण, कोरड्या वऱ्हाडात ही सावलीची आणि ओलाव्याची वेल मुळात टिकायलाच नको. तिला शेवरी, पांगारा, हादगा लावून सावली करतात, त्याच झाडांवर चढवतात, उन्हाळाभर पाणी देऊन गारवा राखतात. एक उन्हाळा पाणी आटलं तर मळा जातो. तरीही ती इथे आहे, कारण माणसांनी ती सांभाळायची ठरवली.

काकांना मी फोनमधला फोटो दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो बराच वेळ पाहिला. मग शेतकऱ्याचे प्रश्न सुरू झाले.

"याची कलम लागते का, ताई?"

"नाही काका. बी पेरा लागते, नाही तं लेककंद लावा लागते. अन् आपल्या इकडं नाही येत, थंडी पाह्यजे."

"तिकडचे लोक लावतात का मंग?"

लावतात, मी सांगितलं. गढवाल विद्यापीठाचं उंच पर्वतीय वनस्पतींचा अभ्यास करणारं केंद्र १९७९ पासून अलकनंदेकाठच्या श्रीनगरला आहे. तुंगनाथच्या उतारावर त्यांचे वाफे आहेत, तिथे अतीस, कुटकी यांची रोपं कशी तयार करायची, बी कसं रुजवायचं यावर काम झालं आहे. गोपेश्वरजवळ मंडलला उत्तराखंड सरकारची जडीबुटी संस्था आहे, ती शेतकऱ्यांना रोपं आणि प्रशिक्षण देते. २००० साली स्थापन झालेलं राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ लागवडीला मदत करतं. चमोलीतल्या उंचावरच्या गावांत कुटकीची शेती उभी राहिली आहे. अतीस मात्र अवघड. बी कमी रुजतं, रोप हळू वाढतं.

"किती सालानं काढाचं?"

"तीन-चार."

काकांनी फोन परत दिला. विडीचं बंडल खिशातून काढलं आणि तसंच ठेवलं. "म्हंजे तीन-चार साल वावर अडकून ठेवाचं. राखण कराची. निंदाचं. अन् शेजारचा वरतून कुदळीनं उकरून आणीन, त्याले खर्च काहीच नाही. दोघाचा माल एकाच काट्यावर, एकाच भावानं. मंग पेरनाऱ्यानं काहून पेराव?"

मी इतकं वाचलं होतं, इतकं विचारून आले होते, आणि या धंद्याची मुख्य अडचण काकांनी चार वाक्यांत मांडली. लागवडीच्या मालाला नोंद लागते, वाहतुकीचा परवाना लागतो, म्हणजे कागद पेरणाऱ्यालाच जास्त. उकरणाऱ्याचा माल रात्रीतून खाली उतरतो. खारी बावलीत पोचेपर्यंत दोन्ही एका पोत्यात मिसळलेले असतात, आणि अंजनगावच्या खणात ते शोधणं अशक्य. मी म्हटलं, घेणाऱ्या कंपन्यांनी शेतकऱ्याशी आधीच भावाचा करार केला, माल कुठल्या वावरातला हे पुडीवर छापलं, आणि आपल्यासारख्यांनी दुकानात ते विचारायला सुरुवात केली, तर पेरणारा उभा राहील. काका मानेनं नाही म्हणाले.

"आधी डोंगर बंद करा लागन. फुकटचं बंद झालं का वावराले भाव येते."

"डोंगर बंद केला तर खणणाऱ्यांच्या घरी चूल कशी पेटन, काका? त्याहिच्या हातीच बेणं द्या लागन आधी."

"बेणं देसान. अन् तीन साल खाईन काय थो?"

"तेच म्हणतो मी. तीन साल त्याले कोनीतरी पैसा द्या लागन. कंपन्याहिनं, सरकारनं. ज्याले माल पाह्यजे त्यानं."

"कंपन्या देतीन?" काका म्हणाले. "आमच्या पिंपळीले कोन्या कंपनीनं एक रुपया आगाऊ देल्ला आजलोक?"

यावर मी त्यांना कुटकीच्या गावांचं उदाहरण दिलं. ते त्यांना पुरेसं वाटलं नाही, त्यांना एकराचा हिशोब हवा होता. बेण्याला किती, मजुरीला किती, वाळल्यावर वजन किती उरतं. मी म्हटलं, मंडलच्या संस्थेला पत्र लिहून विचारते. "लिव्हा," ते म्हणाले, "अन् त्याहिले हे बी इचारा, का आईकंद काढून लेककंद तिथंच ठेवला तं दुसऱ्या साली माल किती येते. तसं जमत असन तं मंग जंगलातलं बी वाचते." इतक्यात लाईन आली. काका मोटर सुरू करायला निघाले, मीही बांधावरून त्यांच्या मागोमाग गेले, आणि पाण्याच्या आवाजावरून मोठ्यानं बोलत आम्ही तोच हिशोब पुढे चालू ठेवला.